जुन्या मदरबोर्डला नवी हार्ड डिस्क चालेल का? पैसे द्यायच्या आधी हे तपासून घ्या

घरात नाहीतर दुकानात २०१०-१२ सालचा असेंबल्ड पीसी अजून चालतोय, जुनी ३२० जीबीची डिस्क कटकट आवाज करायला लागलीये आणि नवी घ्यायचीये. दुकानदार म्हणतो "लागेल की, साटाच आहे" (साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत), आणि घरातला भाचा म्हणतो "मामा, आता नवा पीसीच घे". दोघांचंही ऐकायच्या आधी एक लक्षात घ्या, की यात तीन वेगळे प्रश्न आहेत: डिस्क बोर्डाला जोडता येईल का, जोडल्यावर पूर्ण दिसेल का, आणि तिच्यावरून विंडोज सुरू होईल का. पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून बाकीच्या दोन्हींचं हो येतं असं नाही, आणि पैसे वाया जातात ते नेमके इथेच.

पायरी १: बोर्डाचं नाव काढा

विंडोज १० असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जी छोटी खिडकी येते तिच्यात एमएसइन्फो आणि त्याला चिकटून ३२ असं इंग्रजीत टाइप करा, एंटर मारा. तिथे "बेसबोर्ड प्रॉडक्ट" समोर बोर्डाचं मॉडेल दिसतं, आणि त्याच यादीत "बायोस मोड" नावाची ओळ असते, तिच्यासमोर लेगसी लिहिलंय की यूईएफआय ते आत्ताच कागदावर टिपून ठेवा, पुढे लागणार आहे (बायोस म्हणजे पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डातला प्रोग्रॅम, लेगसी ही त्याची जुनी पद्धत, यूईएफआय नवी). विंडोज ७ किंवा एक्सपी असेल तर सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, त्याच्या मेनबोर्ड टॅबमध्ये मॉडेल, चिपसेट (बोर्डाचं काम सांभाळणाऱ्या मुख्य चिपा) आणि साउथब्रिज (त्यातली डिस्कचे पोर्ट सांभाळणारी चिप) तिन्ही दिसतात. पीसी सुरूच होत नसेल तर कॅबिनेटचं झाकण काढून बोर्डावरच वाचा, मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, फक्त आधी धूळ झटकावी लागते.

मॉडेल कळलं की कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्या. जुन्या बोर्डांची मॅन्युअलं बहुतेक वेळा अजून मिळतात.

पायरी २: पोर्ट कुठले आहेत ते बघा

पोर्ट रुंद असेल, चाळीस पिनांचा, आणि त्याला चपटी पट्टीसारखी केबल लागत असेल तर तो आयडीई. बोर्डावर फक्त आयडीईच असेल तर नवी साटा डिस्क कन्व्हर्टर लावून चालवता येते, पण इतक्या जुन्या मशीनवर खर्च करावा असं मला तरी वाटत नाही, आतला डेटा काढून घ्या आणि तिला निवृत्त करा.

साटा असेल तर काम सोपं आहे. साटाच्या तीन पिढ्या आहेत, १.५, ३ आणि ६ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १५०, ३०० आणि ६०० एमबी अशी वरची मर्यादा. तिन्हींचा प्लग सारखाच, आणि नवी डिस्क जुन्या पोर्टवर लावली की दोघं आपसात ठरवून कमी असलेल्या वेगावर चालतात. केबलही तीच चालते, "ही साटा थ्रीची खास केबल आहे" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. बोर्डावर पोर्टाशेजारी बारीक अक्षरात "साटा ३जी" छापलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते ३ गिगाबिट आहे, म्हणजे साटा टू. साटा थ्री हवं असेल तर "६जी" शोधा.

आपल्याकडे त्या काळात जे बोर्ड खपले त्यांचं थोडक्यात असं आहे: जी३१ आणि जी४१ वर बहुतेक ठिकाणी आयसीएच७ साउथब्रिज, त्याला चार पोर्ट, सगळे ३ गिगाबिट, आणि एएचसीआय (साटा डिस्क चालवायची नवी पद्धत, जुनी ती आयडीई मोड) नाही. एच६१, जो अक्षरशः गल्लोगल्ली विकला गेला, त्याच्या चिपसेटलाही चार पोर्ट आणि तेही ३ गिगाबिटच, पण एएचसीआय आहे. बी७५ ला एक पोर्ट ६ चा, एच८१ ला दोन. एएमडीवाल्यांनी साउथब्रिज बघायचा, एसबी७१० असेल तर ३, एसबी८५० असेल तर ६. कुणाकडे एच६७ किंवा पी६७ चा अगदी सुरुवातीचा बोर्ड असेल तर सीपीयू-झेडमध्ये चिपसेटचं रिव्हिजन बघा. जानेवारी २०११ मध्ये इंटेलनेच जाहीर केलं होतं की बी२ रिव्हिजनमध्ये ३ गिगाबिटचे चार पोर्ट काळाच्या ओघात खराब होऊ शकतात, ६ चे दोन मात्र ठीक आहेत. बी३ असेल तर हे विसरून जा.

व्हियाचा व्हीटी८२३७ किंवा व्हीटी८२३७आर चिप असलेला त्याहून जुना बोर्ड असेल तर वरचा "आपसात ठरवतात" हा नियम तिथे कोलमडतो, साटा टूची डिस्कसुद्धा तो कधी कधी ओळखत नाही. काही डिस्कना मागे जंपरच्या (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीच्या) पिना असतात आणि जंपर लावला की डिस्क १.५ वर बांधली जाते. डिस्कच्या लेबलवर त्याची आकृती नसेल तर घेऊच नका.

पायरी ३: दोन टीबीची भिंत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर. जुनी पार्टिशनची पद्धत एमबीआर, तिच्यात सेक्टर मोजायला ३२ बिट असतात आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार केला की २.२ टीबी येतात, विंडोजच्या भाषेत २०४८ जीबी. त्यापुढची जागा एमबीआरला मोजताच येत नाही. म्हणून ४ टीबीची डिस्क एमबीआर करून लावली तर जवळजवळ अर्धी पडून राहते. यावर उपाय जीपीटी, म्हणजे पार्टिशनची नवी पद्धत, आणि इथे बायोस मोडचा तो कागद बाहेर काढा.

नवी डिस्क फक्त डेटासाठी असेल, फोटो, लग्नाचे व्हिडिओ, दुकानाचा बॅकअप वगैरे, आणि विंडोज दुसऱ्याच डिस्कवर असेल, तर बायोस लेगसी असला तरी विंडोज ७ किंवा १० मध्ये जीपीटी चालते. पण विंडोज त्याच मोठ्या डिस्कवरून सुरू करायचं असेल तर यूईएफआय लागतंच लागतं. २०११ च्या आसपासच्या बोर्डांत कुणाला यूईएफआय आहे तर कुणाला जुनाच बायोस, एकाच चिपसेटवर दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे एच६१ आहे एवढं सांगून भागत नाही, मॉडेलच बघावं लागतं. आणि बायोस मोडसमोर लेगसी आलं याचा अर्थ बोर्डात यूईएफआय नाहीच असाही नाही, विंडोज टाकताना लेगसीत टाकलेलं असू शकतं, म्हणून बायोसच्या सेटअपमध्ये जाऊन बूटचा (विंडोज सुरू करायचा) पर्याय एकदा डोळ्याने बघा. लिनक्सवाल्यांना थोडी सूट आहे, एक छोटं बायोस बूट पार्टिशन ठेवलं की जुन्या बायोसवरही जीपीटी डिस्कवरून सुरू होतं. ३२ बिटची एक्सपी मात्र जीपीटी वाचतच नाही. पेजमेकरसाठी एक्सपी राखून ठेवलेले डीटीपीवाले अजून आहेत, त्यांनी २ टीबी किंवा त्याहून लहानच डिस्क घ्यावी.

एक ओळखीची खूण सांगतो. ३ टीबीची डिस्क लावली आणि विंडोजमध्ये ती ७४६ जीबी दिसली तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ३ टीबी म्हणजे विंडोजच्या हिशोबात २७९४ जीबी, त्यातून २०४८ वजा करा, उरतात ७४६. म्हणजे मोजणारा २०४८ नंतर पुन्हा शून्यापासून मोजायला लागलाय. हा मोजणारा बऱ्याचदा इंटेलचा जुना स्टोरेज ड्रायव्हर असतो, १०.१ च्या आधीचा, तो नवा टाकला की डिस्क पूर्ण दिसते.

पायरी ४: एसएमपीएस आणि कॅबिनेट

साडेतीन इंची डिस्क सुरू होताना क्षणभर १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, म्हणून पंधरा वर्षं जुन्या लोकल एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर) तिसरी-चौथी डिस्क लावताना विचार करा. साटा पॉवरची वायर शिल्लक नसेल तर मोलेक्सपासून (जुना चार पिनांचा पॉवर प्लग) कन्व्हर्टर मिळतो, पण तो घेताना प्लग नीट बघा: प्लास्टिक ओतून एकसंध केलेला असेल तर नको, असे कन्व्हर्टर आतल्या आत शॉर्ट होऊन जळतात. वायरी वेगवेगळ्या खोचलेल्या दिसतात तो घ्या.

डिस्क लावली आणि मोटर फिरतच नाही, हात लावला तर थरथरही नाही, असं झालं तर ती मेलीच आहे असं समजू नका. काही नव्या डिस्कमध्ये, विशेषतः सर्व्हरच्या आणि एक्स्टर्नल डब्यातून काढलेल्या, साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, अशी सोय मुद्दाम केलेली असते. जुने एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतात. मोलेक्सच्या वायरीत ३.३ नसतातच, त्यामुळे वर सांगितलेला कन्व्हर्टर लावला की डिस्क फिरायला लागते.

एक्स्टर्नल डब्याचा विषय निघालाच आहे तर: डब्यातली भरलेली डिस्क काढून थेट बोर्डाला लावली आणि विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं, तर नाही म्हणा. काही डब्यांतलं सर्किट सेक्टरचा आकार बदलून दाखवतं, ते मधून गेलं की पार्टिशन ओळखू येत नाही. डिस्क परत त्याच डब्यात घाला, डेटा दुसरीकडे उतरवा, मग काढा.

पायरी ५: एसएसडी घ्यायची की एनव्हीएमई

लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत गेलात तर हल्ली एनव्हीएमईच पुढे करतील, म्हणजे एसएसडीचाच (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवाल्या डिस्कचा) नवा प्रकार, छोटी पट्टी, वेग भन्नाट. जुन्या बोर्डावर त्या पट्टीला लागणारा एम.२ चा खाचाच नसतो. पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड घेऊन ती लावता येते, विंडोज १० मध्ये डेटासाठी दिसतेही, पण तिच्यावरून सुरू व्हायचं तर बायोसला एनव्हीएमई कळायला हवं आणि एच६१ च्या काळातल्या बायोसला ते मुळात कळत नाही. शिवाय कार्डाचा लहान स्लॉट एकाच लेनचा (डेटा जायला एकच वाट), एच६१ वर सेकंदाला जास्तीत जास्त ५०० एमबी, जी४१ वर त्याच्या निम्मे. तेव्हा भन्नाट वेगाचे पैसे देऊन हाती काय लागणार!

माझं मत स्पष्ट आहे: विंडोजसाठी अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा ५०० जीबीची, आणि साठवणीला मोठी हार्ड डिस्क वेगळी. ३ गिगाबिटच्या पोर्टवर एसएसडी अडीचशेच्या थोडी पुढे जाऊन थांबते, बॉक्सवरचे ५५० विसरा, पण मशीन जे रखडतं ते डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळत असल्यामुळे, आणि ती पळापळच संपते.

बायोसच्या सेटअपमध्ये एएचसीआय असेल तर नवं विंडोज टाकायच्या आधीच ते निवडा. जुनं विंडोज तसंच ठेवून आयडीईवरून एएचसीआय केलंत तर विंडोज ७ निळा स्क्रीन दाखवून बसेल. आणि बायोस अपडेट करायची वेळ आली तर यूपीएसवर करा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला.

पायरी ६: लावल्यावर

कोरी डिस्क माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही, यात बिघाड काही नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ते एमबीआर की जीपीटी विचारेल, २ टीबीच्या वर जीपीटी, मग पार्टिशन करा. नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून ट्रान्सफर मोडची ओळ बघा. साटा/३०० आणि पुढे साटा/६०० दिसलं तर डिस्क ६ ची आहे आणि ३ वर चालतेय, एच६१ वर हे असंच दिसणार. ६ चा पोर्ट असूनही ३०० दिसत असेल तर बहुधा केबल चुकीच्या पोर्टात आहे. त्याच खिडकीत सीआरसी एररचा (डेटा जाता-येताना झालेल्या चुकांचा) आकडा असतो, तो आठवडाभराने परत बघा: वाढत असेल तर आधी केबल बदला, डिस्क नाही. केबल बदलल्यावर आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.