वेस्ट नाईल व्हायरसचा वंशवृक्ष काढताना या चुका टाळा

१९९९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लोकांना मेंदूज्वर झाला आणि शहरात कावळे पटापट मरू लागले. डासांमधून पसरणारा, १९३७मध्ये युगांडात सापडलेला वेस्ट नाईल व्हायरस तिथे पोचला होता. २००३पर्यंत त्याने कॅलिफोर्निया गाठलं. या प्रवासातले जनुकक्रम आज फुकट मिळतात, त्यामुळे विद्यार्थी हौसेने त्यांचा वंशवृक्ष काढतात. अडखळायच्या जागाही ठरलेल्याच.

पहिली जागा म्हणजे तारीख. इथे मी स्वतः आपटलोय. एक्सेल शीटमध्ये एका डासाच्या नमुन्यापुढे ०८/०३/२००२ होतं. मी ते ८ मार्च धरलं. अमेरिकन पद्धतीने ते ३ ऑगस्ट. झाडावर काहीच खटकलं नाही, कारण सुमारे ११ हजार अक्षरांच्या या जीनोममध्ये, म्हणजे व्हायरसच्या पूर्ण जनुकक्रमात, वर्षाला जेमतेम चार-पाच बदल टिकतात. पाच महिन्यांत एक-दोन, म्हणजे पत्ताच लागत नाही. चूक पकडली ती डासाने! न्यूयॉर्कमध्ये मार्चात हा व्हायरस पसरवणारा क्युलेक्स डास थंडीने कुठल्यातरी तळघरात सुस्त पडलेला असतो, सापळ्यात कसा येईल? तेव्हा तारखा आधी ऋतूशी ताडून बघा.

दुसरी चूक: नवा प्रकार पसरला म्हणजे तो जास्त जीवघेणाच असणार. २००१मध्ये दिसलेल्या डब्ल्यूएन०२ या नव्या प्रकाराने दोन-तीन वर्षांत १९९९ला न्यूयॉर्कमध्ये आलेल्या मूळच्या एनवाय९९ला हटवलं, ते वेगळ्याच जोरावर. रक्तातून पोटात गेलेला व्हायरस डासाच्या लाळग्रंथीत पोचेपर्यंत तो डास निरुपद्रवी असतो. डब्ल्यूएन०२ तिथे काही दिवस आधी पोचतो, आणि उकाड्यात ही आघाडी आणखी वाढते. डासाचं आयुष्यच मोजक्या आठवड्यांचं, त्यात हे दिवस फार झाले. या प्रकाराच्या ई प्रथिनात, म्हणजे व्हायरसच्या बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनात, १५९व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलानिन असतं. ती ओळखखूण समजा, सगळं श्रेय तिला देऊ नका.

माणसांच्या नमुन्यांवरून व्हायरस कुणाकडून कुणाकडे गेला याचे बाणही काढू नका. माणसाच्या रक्तात डासाला लागण होण्याइतका व्हायरस नसतो. साखळी चालते पक्षी आणि डास यांच्यात.

राहिलं झाडाचं मूळ. ते ठरवायला झाडाबाहेरचा एक नातलग नमुना जोडतात. मुंबईकरांच्या रक्तात १९५२मध्येच या व्हायरसची प्रतिपिंडं सापडली होती, म्हणून घरचा नमुना लावायचा मोह होतो. पण भारतातले बरेच नमुने लिनिएज ५ या वेगळ्या वंशशाखेचे, म्हणजे फारच लांबचे नातलग. त्यांच्यावर मूळ भलतीकडे सरकू शकतं. १९९८मध्ये इस्रायलमधल्या हंसात सापडलेला व्हायरस न्यूयॉर्कवाल्याचा अगदी जवळचा. तो लावा.