दृष्टी किंवा श्रवण अधू असलेल्या रुग्णांची शुश्रूषा : नव्या परिचारिकांसाठी काही अनुभव

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली एक चूक मी प्रत्येक नव्या तुकडीला आवर्जून सांगते. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका कर्णबधिर बाईंच्या उजव्या हाताची शीर ठळक दिसली, म्हणून मी तेथेच इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी) लावले आणि हात हलू नये यासाठी तो पट्टीला बांधला. रात्रभर त्या डाव्या हाताने काहीतरी सांगत राहिल्या आणि मी त्यांना स्वस्थ पडून राहण्याच्या खुणा करत राहिले. सलाईनची जागा सुजून हात ठणकत होता, हे सकाळी त्यांची बहीण आल्यावर कळले. ज्यांची भाषाच हातांत आहे, त्यांचा बोलता हात सलाईनसाठी घेऊ नये आणि बांधून तर मुळीच ठेवू नये, हे मी तेव्हा शिकले.

अशा रुग्णांना सगळे लिहून दाखवले की काम झाले, असेही समजू नका. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे, त्यामुळे जन्मापासून ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला आपले लांबलचक लेखी वाक्य समजेलच असे नाही. छोटे शब्द आणि चित्रे वापरावीत व काय समजले ते त्यांनाच करून दाखवायला सांगावे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने 2021 मध्ये 10,000 शब्दांचा चित्रफितींचा कोश उपलब्ध करून दिला असून त्यात वैद्यकीय शब्दही आहेत. नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस खुणा त्यावरून शिकता येतात. शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी मात्र दुभाषाच हवा, कारण नातेवाईक प्रेमापोटी निम्मे सांगतात आणि निम्मे गाळतात.

वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्यांची गोष्ट निराळी असते. त्यांना बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे आवाज पोहोचतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात आणि शब्द आणखीच बिघडतो. समोर, उजेडात उभे राहून, शक्य असेल तेव्हा मास्क उतरवून, किंचित खालच्या पट्टीत सावकाश बोलावे. ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना काढलेले कानाचे मशीन आणि चष्मा परत आल्याबरोबर रुग्णाला द्यावा. मशीन कपाटात राहिल्यामुळे ‘आजोबा असंबद्ध बोलतात’ अशी नोंद झालेली मी पाहिली आहे आणि मशीन लावताच तेच आजोबा नीट उत्तरे देताना पाहिले आहेत. मशीन शिट्टी वाजवू लागले, तर ते कानात नीट बसले आहे का आणि कानात मळ आहे का, हे आधी पाहावे. एमआरआयपूर्वी मशीन काढायचेच असते. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले उपकरण) असल्यास ते आधीच कळवणे अत्यावश्यक आहे. जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही कानाला इजा करू शकणारी प्रतिजैविके चालू असताना रुग्ण कानात गुणगुण होते म्हणाला, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

दृष्टिहीन रुग्णाला हात लावण्याआधी आपले नाव आणि काम सांगावे, तसेच निघतानाही सांगावे, नाहीतर तो रिकाम्या खोलीशी बोलत राहतो. चालवताना त्याला ढकलू नये. त्याने आपले कोपर धरून अर्धे पाऊल मागून यावे. ताटातील जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगता येतात : बाराला भात, तीनला भाजी. लादी पुसताना वॉर्डातल्या सफाईच्या मावशी टेबल सरकवतात आणि पाण्याचा पेला, घंटा हाताबाहेर जाते, म्हणून मावशी-मामांनाही ही शिकवण द्यावी. काचबिंदूत बहुधा कडेचे दिसणे आधी जाते, तर मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाच्या) आजारात मधले, म्हणून कोणत्या बाजूने दिसते, हे रुग्णालाच विचारून तेथे उभे राहावे. दुसऱ्या आजारासाठी दाखल झालेल्यांचे काचबिंदूचे घरचे थेंब केसपेपरवर लिहायचे हमखास राहून जातात.

यातले जे लागू असेल ते दाखल करतानाच पहिल्या पानावर लिहा आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, मोठ्याने वाचा : ‘डाव्या कानाने ऐकतात, मशीन उशाच्या डबीत, सलाईन डाव्या हाताला.’