मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या वृद्धांनी घरी घ्यायची काळजी

खेड्यातल्या वयस्क माणसाला मधुमेह किंवा रक्तदाब जडला, की महिन्यातून एकदा डॉक्टरांची गाठ पडते. बाकीचे दिवस घरात कसे जातात, यावरच त्याचे चालणे-फिरणे आणि झोप अवलंबून असते.

डोके दुखत नाही म्हणून बीपीची गोळी बंद करणे, ही गावोगाव दिसणारी चूक आहे. रक्तदाब बहुधा काहीच जाणवू न देता वाढतो आणि गोळी चालू असते म्हणूनच तो आटोक्यात राहतो. वाचता येत नसेल तर सकाळच्या पिशवीवर सूर्य आणि रात्रीच्या पिशवीवर चंद्र काढून घ्यावा. आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या, की आशाताईंना सांगून ठेवावे.

पायांकडे मात्र सर्वांत अधिक लक्ष द्यावे. मधुमेहात तळव्यांची संवेदना हळूहळू कमी होते, त्यामुळे पऱ्हाटीचे धसकट रुतले किंवा तापलेल्या धुऱ्यावर पाय पोळला तरी कळत नाही, आणि जखम लक्षात येते तेव्हा तिच्यात पू झालेला असतो. रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत आणि जमिनीवर आरसा ठेवून तळवे पाहावेत. नजर अधू असेल तर नातवंडांना पाहायला सांगावे, कारण हे काम ती मोठ्यांपेक्षा नेटाने करतात. भेगांना खोबरेल तेल लावावे, बोटांच्या मध्ये मात्र लावू नये. कुरूप ब्लेडने कापू नये, हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत आणि शेतातच काय, अंगणातही चपलेशिवाय फिरू नये.

वैशाखात वर्धा-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा इन्सुलिन खराब होण्याची भीती असते. फ्रीज नसेल तर बाटली झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून, ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी उन्हाळ्यात पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सर्वांना लागू पडत नाही.

एकादशीला मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहणे धोक्याचे आहे आणि साबुदाण्याने साखर वाढते, म्हणून उपवासाआधी औषधाबद्दल विचारून घ्यावे. रक्तातली साखर फार उतरून दरदरून घाम, थरथर किंवा भोवळ आल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा प्यावी, आणि नंतर भाकरी खावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

दिवसभराचे मीठ एका चहाच्या चमच्यात बसावे, आणि त्यात लोणचे, पापड, ठेचाही आला. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, सोडावाच.

तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर उतार पडण्याची वाट न पाहता १०८ वर फोन करावा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, हे दवाखान्यात आधी सांगावे.