पक्षाघात आणि एएफ: रुग्ण बिघडणार का, हे आधी सांगताना या चुका टाळा

एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाची अनियमित लय) असलेला पक्षाघाताचा रुग्ण पहिल्या तीन दिवसांत बिघडेल का, यावर हल्ली दर दुसऱ्या रेसिडेंटचा प्रबंध असतो. विषय महत्त्वाचाच आहे. एएफमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, आणि हृदयातून सुटलेली गुठळी अनेकदा मेंदूची मोठी वाहिनीच बंद पाडते. पण प्रबंध तपासायला घेतले की तेच ते घोळ.

सगळ्यात डोकं उठवणारा घोळ म्हणजे अंदाज कोणत्या क्षणी बांधायचा हेच न ठरवणं. एक रेसिडेंट धोक्याचा अंदाज सांगणारं संगणकी मॉडेल घेऊन आला. एयूसी (बिघडणारे आणि न बिघडणारे मॉडेल किती नीट वेगळे करतं त्याचा आकडा, १ म्हणजे अचूक) ०.९ च्या वर, स्वारी खुशीत. म्हटलं, सगळ्यात वजनदार घटक कोणता ते दाखव. पहिल्या क्रमांकावर मॅनिटॉल हे मेंदूची सूज उतरवणारं औषध, खालोखाल 'पुन्हा केलेला सीटी'. अरे बाबा, मॅनिटॉल कधी लावतो आपण? मेंदूला सूज येऊन रुग्ण गुंगीत जायला लागल्यावर. आणि रात्री-अपरात्री सीटीला कुणाला पळवतो? जो बिघडलाय त्यालाच. म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरला आधीच कळलेलं हे मॉडेल नंतर वाचून दाखवत होतं. वरातीमागून घोडं. ते दोन घटक काढल्यावर आकडा धाडकन खाली आला. "सर, एवढ्यावर पेपर कोण घेणार?" हा त्याचा पहिला प्रश्न!

मी कागदावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे भरतीच्या वेळी हातात असलेलं: वय, साखर, रक्तदाब, पहिला सीटी, पहिला एनआयएचएसएस (पक्षाघाताची तीव्रता मोजणारे गुण, जितके जास्त तितकं वाईट). उजवीकडे नंतर कळलेलं सगळं. उजवीकडचं एक अक्षरही मॉडेलमध्ये जाऊ देत नाही. गंमत म्हणजे या रेघेवर खुद्द एएफच अडकतो. भरतीच्या ईसीजीत लय नियमित होती आणि चौथ्या दिवशी मॉनिटरवर एएफ सापडला, असा रुग्ण निदान चौथ्या दिवसापर्यंत तरला होता. पहिल्याच रात्री दगावलेल्याचा एएफ शोधायला वेळच मिळाला नाही. त्याची नोंद 'एएफ नाही' अशी झाली. उशिरा सापडलेले रुग्ण आधीपासून एएफ असलेल्यांत मिसळले, की हा आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसू लागतो. त्यांचा गट वेगळा ठेवा.

दुसरा घोळ एनआयएचएसएसच्या बेरजेचा. ० ते ४२ मधला एक आकडा फाइलवर टाकला की काम झालं असं वाटतं. संध्याकाळी ९, सकाळी ९, शेरा 'स्थिर'. प्रत्यक्षात बोलणं २ वरून ० वर आलेलं असतं आणि हात १ वरून ३ वर गेलेला: काल हळूहळू खाली येणारा हात आज सोडल्यासरशी गादीवर आपटतोय. हा रुग्ण स्थिर कसा? मी प्रत्येक बाबीचे गुण वेगळे लिहून घेतो. हातासाठी दहा सेकंद आणि पायासाठी पाच, घड्याळ बघून. घाईत मोजणाऱ्यांची दहा सेकंदं चारातच संपतात. लहान मेंदूच्या पक्षाघातात तर बेरीज २ असताना रुग्णाला बसता येत नाही, कारण चाल तपासणं या मोजपट्टीत नाहीच.

बिघाड म्हणजे २ गुणांची वाढ की ४, २४ तासांत की ७२ तासांत, हे आधी लिहून ठेवा. निकाल बघून व्याख्या बदलणं ही लबाडी आहे.

चाड्स-व्हॅस्क इथे वापरू नका. ती मोजणी एएफच्या रुग्णाला वर्षभरात पक्षाघात होण्याच्या धोक्यासाठी आहे, उद्या सकाळसाठी नाही.

एएफमध्ये ऑटोमॅटिक मशीनच्या एकाच रक्तदाबावर विसंबू नका. दर ठोक्याला दाब बदलतो. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या. नाडीचंही तेच: मनगटावर काही ठोके पोचतच नाहीत, म्हणून छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजा.

बिघाडाचं कारण न लिहिणं ही चूक तर जवळपास सगळेच करतात. रक्तस्राव, सूज, नवी गुठळी, फिट, न्यूमोनिया, सगळं एका 'हो'मध्ये कोंबतात. रक्तस्राव झाला तर रक्त पातळ करणारं औषध थांबवायचं, नवी गुठळी आली तर ते लवकर सुरू करण्याचा विचार करायचा. दोन्हींचा मिळून काढलेला धोका वॉर्डात कुणाच्या कामाचा? शिवाय औषध सुरू करण्याची वेळही बदलतेय. पक्षाघात जितका मोठा तितकं औषध उशिरा, असा १-३-६-१२ दिवसांचा जुना ठोकताळा होता. २०२३ च्या एलान आणि २०२४ च्या ऑप्टिमास चाचण्यांत लवकर सुरुवात केल्याने मेंदूतला रक्तस्राव वाढलेला दिसला नाही. त्यामुळे जुन्या फाइलींवर बसवलेलं मॉडेल आजच्या रुग्णांना तसंच लावू नका.

बिघडलेले रुग्ण कमी पडतात म्हणून संगणकाकडून खोटे रुग्ण तयार करून घेण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. त्याने धोक्याचे आकडे फुगतात. त्यापेक्षा घटक कमी करा, आणि मॉडेलने ज्यांना २० टक्के धोका सांगितला त्यांच्यातले खरोखर किती बिघडले, हा आलेख एयूसीच्या आधी दाखवा.