कंपाउंड बोचा पीप फिरतोय? या चुका टाळा

"काका, पीप परत फिरला."

नाशिकला आडगावच्या पुढे एका मळ्यात टार्गेट लावून आम्ही सराव करतो. तिथे दर रविवारी हे वाक्य एकदा तरी कानावर येतंच. पीप म्हणजे बोच्या (धनुष्याच्या) दोरीत बसवलेलं भोकाचं छोटं कडं, त्यातून बघून नेम धरायचा. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्याकडे कंपाउंड (टोकांना कॅम नावाची चाकं असलेला बो) घेऊन येणारी पोरं वाढली. बो बहुतेक वेळा सेकंडहँड असतो, स्ट्रिंग (दोरी) कुणी कधी बदलली ते ठाऊक नसतं. मग बोटाने पीप सरळ करायचा, दोन बाण बरे जातात, तिसऱ्याला भोकाऐवजी पीपची कडा दिसते आणि पोरगं मान वाकडी करून बघायला लागतं. पीप आणि बोवर पुढे बसवलेली नेमाची साइट यांत ८०-९० सेंटीमीटर अंतर धरा. पीपमधून बघताना डोळा एक मिलिमीटर चुकला, तरी ५० मीटरवर बाण सहा सेंटीमीटरच्या आसपास सरकतो. तिथलं दहाचं वर्तुळ सगळं मिळून ८ सेंटीमीटरचं.

बोटाने पीप फिरवणं ही पहिली चूक. फिरते ती दोरी, पीप नुसता तिच्यात बसलेला असतो. स्ट्रिंग म्हणजे वीस-चोवीस धाग्यांना दिलेला पीळ. ओढताना ताण बदलतो, पीळ जरा हलतो, पीप त्याच्याबरोबर वळतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ शाबूत आहे, बोटाने तो काय जाणार!

दुसरी चूक म्हणजे बो हातात धरून, न ओढता पीप सरळ आहे का बघणं. न ओढलेल्या दोरीत तो थोडा वाकडा असला तरी चालतो, फुल ड्रॉला, म्हणजे पूर्ण ओढल्यावर, सरळ हवा. म्हणून बाण लावा, टार्गेटसमोर उभे राहा, डोळे मिटून ओढा, अँकरला (ओढलेला हात चेहऱ्याशी टेकतो तिथे) आल्यावर उघडा. बाण न लावता ओढून बघायचं नाही, चुकून सुटला तर कॅम आणि लिंब (बोचे वाकणारे हात) दोन्ही जातात. असं दहा वेळा करा आणि पीप किती, कोणत्या बाजूला वळलेला दिसतो ते वहीत लिहा.

या वहीवरच पुढचं सगळं ठरतं, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात. दहाही वेळा पीप तेवढाच आणि त्याच बाजूला वळला, तर दोष पिळात आहे, एकदा दुरुस्त केला की मिटला. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी सरळ असं होत असेल, तर प्रेसला (बो दाबून दोरी ढिली करायचं यंत्र) हात लावू नका. बहुधा रिलीजचा (दोरी सोडायच्या कळीचा) हात दर वेळी वेगळ्या कोनात येतोय आणि डी-लूपला (रिलीज अडकवायला दोरीवर बांधलेला छोटा फास) धरून दोरी पिळतोय. नाहीतर डी-लूप ढिला झालाय, किंवा स्ट्रिंग अजून नवी आहे. नव्या स्ट्रिंगवर शंभरेक बाण मारून ती बसू द्या, मग पीप पक्का बांधा. भोक वळलेलं नाही पण चपटं दिसतंय, तर पीप उलटा बसलाय का ते आधी बघा. यावर मी स्वतः एक आख्खी दुपार वाया घालवली आहे.

डी-लूपचं आणखी एक. तो पीपच्या रेषेत नसेल, तर रिलीज लावून ओढताच लूप हाताच्या दिशेला येतो आणि दोरीला सोबत फिरवतो. थोडाच फरक असेल तर लूपच्या गाठी किंचित सरकवून काम भागतं. पण पीप पाव वळसा फिरत असताना सगळी दुरुस्ती लूपवरच लादली, तर लूप तिरका बसतो आणि बाण सुटताना दोरीला झटका देतो.

खरी दुरुस्ती स्ट्रिंगच्या टोकाला होते, आणि तिला बो प्रेस लागतो. पायाने दाबून किंवा मित्राला ओढायला सांगून स्ट्रिंगच्या टोकाचा लूप काढू नका. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये बनवलेला घरगुती प्रेस मी पाहिलाय, लिंबला मधोमध दाबणारा. आजच्या जवळपास समांतर लिंबांना टोकाला आधार देणाराच प्रेस हवा.

प्रेसमध्ये घेण्याआधी नॉकपासून (दोरीवर बाण बसतो ती जागा) पीपपर्यंतचं अंतर मोजा, कॅमवरच्या खुणांचा फोटो काढा. मग एका टोकाचा लूप काढून अर्धा पीळ द्या. कोणत्या टोकाला? पीप वरच्या कॅमच्या जवळ असतो, म्हणून वरचा अर्धा पीळ त्याला जास्त फिरवतो आणि खालचा कमी. थोडंसं फिरवायचं असेल तर खालून सुरुवात करा. फक्त पीळ वाढवतच गेलात तर स्ट्रिंग आखडते, ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढायची लांबी) हलते, पीपची उंचीही बदलते. लांबी तशीच राखायची असेल, तर एका टोकाला जेवढा वाढवला तेवढा दुसऱ्या टोकाला सोडायचा. असं केल्यावर आख्खी दोरीच फिरते, म्हणून डी-लूप पुन्हा बघावा लागतो.

पिळाने जमलं नाही तरच धाग्यांकडे वळा. पीपच्या दोन्ही बाजूंना सारखे धागे असावेत, चोवीस असतील तर बारा-बारा. दोनरंगी स्ट्रिंगमध्ये रंगावरून मोजणी सोपी जाते. अकरा-तेरा निघाले तर उत्तर तिथेच मिळालं. पीपच्या वर-खाली दोरा बांधून तो फिरायचा थांबत नाही, पण ती गाठ टाळूही नका. स्ट्रिंग चुकून उघडली तर सुटलेला पीप सरळ डोळ्याकडे येतो.

रबरी नळीचा पीप लावला की कटकट संपते, असं सांगणारे भेटतील. नळी पीपला सरळ ओढते हे खरं, पण उन्हाने कडक झालेलं रबर स्पर्धेच्या दिवशीच तुटतं.

उन्हावरून आठवलं. एप्रिल-मेमध्ये गंगापूर रोडला गाडी उन्हात लावून बो मागच्या सीटवर ठेवणारे पुष्कळ. स्ट्रिंगमधला डायनीमासारखा कृत्रिम धागा ताणाखाली, तोही उष्णतेत, हळूहळू लांबतो. म्हणूनच ४५२एक्ससारख्या धाग्यात त्याच्या जोडीला ३३ टक्के व्हेक्ट्रन हा दुसरा कृत्रिम धागा असतो. निफाडच्या जानेवारीतल्या गारठ्यात जुळवलेला पीप मे महिन्यात बदललेला दिसला, तर आधी बो कुठे ठेवला होता ते आठवा.

परवा हीच तक्रार घेऊन आलेल्या एका पोराच्या वहीत दहाही नोंदी एकच होत्या, पीप उजवीकडे, थोडासा. खालच्या कॅमला अर्धा पीळ दिला, डी-लूप किंचित सरकवला. त्याने डोळे मिटून ओढलं, उघडले आणि म्हणाला, "काका, दिसतंय." मी म्हटलं, "आता वीस बाण मार, मग वही घेऊन ये."