कपॅसिटरमध्ये प्रभार आणि ऊर्जा कशी साठते, हे समजून घेण्याची एक रीत

नाशिकमध्ये ऊन तापू लागले आणि छताचा पंखा मंद फिरू लागला, की इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढून पंख्याच्या दांडीवरचा कप खाली सरकवतो आणि आतली लहानशी डबी बदलून देतो. जुने मिस्त्री तिला कंडेन्सर म्हणतात, दुकानदार कपॅसिटर म्हणतो, आणि तिच्यावर बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरड असा आकडा छापलेला असतो. बारावीच्या विद्यार्थ्यांना हा धडा शिकवताना मी या आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचा अर्थ नीट लागला की पुढची सूत्रे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

पहिली अडचण ‘साठवणे’ या शब्दातच आहे. टाकीत पाणी साठते तसा कपॅसिटरमध्ये प्रभार (विजेचा चार्ज) बाहेरून येऊन भरतो, असे चित्र मनात तयार होते आणि ते चुकीचे आहे. कपॅसिटर म्हणजे एकमेकींना न टेकणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या आणि त्यांच्यामधला विद्युतरोधक थर. बॅटरी एका पट्टीवरचे इलेक्ट्रॉन काढून तेवढेच दुसऱ्या पट्टीवर नेऊन ठेवते, म्हणून एक पट्टी जितकी धन होते तितकीच दुसरी ऋण होते आणि संपूर्ण कपॅसिटरवरचा एकूण प्रभार आधी शून्य होता तसा नंतरही शून्यच राहतो. १७४५-४६ च्या सुमारास तयार झालेली लेडन बरणी (प्रभार साठवणारी काचेची बरणी) हा पहिला कपॅसिटर, आणि तिच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंवर सारखाच पण विरुद्ध प्रभार असतो हे बेंजामिन फ्रँकलिनने ओळखले होते. म्हणून गणितात ‘कपॅसिटरवरचा प्रभार’ असे शब्द आले, की ते एका पट्टीवरच्या प्रभाराबद्दल आहेत, असे समजावे.

आता तो आकडा. २.५ मायक्रोफॅरड म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये दर १ व्होल्ट विभवांतरामागे (व्होल्टेजच्या फरकामागे) २.५ मायक्रोकूलॉम प्रभार वेगळा होतो; कूलॉम हे प्रभाराचे एकक. विभवांतर दुप्पट केले, तर प्रभार दुप्पट. हे गुणोत्तर, म्हणजेच कपॅसिटन्स, मात्र बदलत नाही, कारण ते पट्ट्यांचे क्षेत्रफळ, त्यांच्यातले अंतर आणि मधला पदार्थ यांवरच ठरते. पट्ट्या मोठ्या केल्या की ते वाढते, एकमेकींपासून दूर नेल्या की घटते. हे किती प्रमाणात घडते, ते एकदा हाताने मोजून पाहावे. मध्ये १ मिलिमीटर हवा ठेवून २.५ मायक्रोफॅरड मिळवायचे ठरवले, तर प्रत्येक पट्टी सुमारे २८२ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन गुंठ्यांची लागेल. त्याऐवजी मध्ये ६ मायक्रॉन जाडीची पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची फिल्म घातली, तर पाऊण चौरस मीटरच्या आसपास काम भागते. बाद झालेल्या आणि पूर्ण डिस्चार्ज केलेल्या डबीच्या आतली गुंडाळी उलगडली, तर धातूचा चकचकीत मुलामा दिलेली पातळ फिल्म हातभर, मग आणखी हातभर निघतच राहते. पावणेतीन गुंठे मुठीत कसे मावले, हे तेव्हा डोळ्यांना दिसते.

विद्यार्थी सर्वात जास्त अडखळतात ते ऊर्जेच्या सूत्रातल्या ‘अर्धा’पाशी. ऊर्जा म्हणजे प्रभार गुणिले विभवांतर, मग निम्मी का? दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या हंगामात क्रेटची थप्पी लावताना पाहिलेल्यांना हे लवकर समजते. पहिला क्रेट जमिनीवरच ठेवायचा असतो, त्याला उचलण्याचे कष्ट जवळजवळ नसतात. थप्पी वाढत जाते तसा प्रत्येक पुढचा क्रेट अधिक उंच न्यावा लागतो. सगळ्या क्रेटची सरासरी उंची थप्पीच्या निम्मी, म्हणून एकूण श्रमही एकूण वजन गुणिले निम्मी उंची एवढेच. कपॅसिटरमध्ये पहिला प्रभार शून्य विभवांतराविरुद्ध सरकतो आणि शेवटचा पूर्ण विभवांतराविरुद्ध, म्हणून ऊर्जा ½ × प्रभार × विभवांतर, किंवा ½ × कपॅसिटन्स × विभवांतराचा वर्ग.

याच चित्रातून पुढच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. बॅटरी प्रत्येक प्रभाराला पूर्ण विभवांतराएवढी ऊर्जा देते, जणू प्रत्येक क्रेट आधी थप्पीच्या पूर्ण उंचीपर्यंत उचलून मग त्या वेळच्या थप्पीवर सोडला जातो. त्या पडण्यात जाणारी ऊर्जा म्हणजे तारा आणि रोध (रेझिस्टर) यांत होणारी उष्णता. रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीवर चार्ज केला, तर रोध १ किलोओहम असो वा १०, बॅटरीने दिलेल्या ऊर्जेतला निम्मा भाग उष्णतेत जातो. रोध फक्त वेळ बदलतो.

उरलेली निम्मी ऊर्जा नेमकी कुठे असते? चार्ज केलेला कपॅसिटर बॅटरीपासून सोडवून पट्ट्या एकमेकींपासून दूर ओढल्याची कल्पना करावी. प्रभाराला जायला वाट नाही, तो तेवढाच राहतो; पट्ट्या मात्र परस्परांना खेचत असतात, म्हणून हाताला जोर लावावा लागतो. विभवांतर वाढते आणि ऊर्जाही वाढते. पट्ट्यांमधल्या विद्युत क्षेत्राची तीव्रता तीच राहिली, पण त्याने व्यापलेली जागा वाढली. ऊर्जा क्षेत्रात असते, या विधानाचा अर्थ हाच, आणि माझ्या मते या धड्यात मनात रुजवण्यासारखी गोष्ट हीच आहे.

स्वतः पडताळून पाहण्यासाठी पंख्याचा, इन्व्हर्टरचा किंवा विहिरीवरच्या पंपाचा कपॅसिटर वापरू नये. घरातल्या २३० व्होल्ट विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि पुरवठा बंद केल्यावरही असा कपॅसिटर चार्ज राहिलेला असू शकतो. त्याऐवजी १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १० किलोओहमचा रोध, ९ व्होल्टची बॅटरी आणि डिजिटल मल्टिमीटर घ्यावा. कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो त्या बाजूचा पाय ऋण. तो बॅटरीच्या ऋण टोकालाच आणि दुसरा पाय रोधातून धन टोकाला जोडावा, कारण उलट जोडल्यास कपॅसिटर फुटू शकतो. मीटर कपॅसिटरच्या दोन पायांना लावावा. जोडणीपूर्वी त्याचे दोन्ही पाय त्याच रोधातून मिनिटभर जोडून ठेवावेत, म्हणजे मोजणी शून्यापासून सुरू होईल.

रोध आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार १० सेकंद येतो. बॅटरी जोडल्यापासून १० सेकंदांनी मीटरवर सुमारे ५.७ व्होल्ट दिसावेत, २० सेकंदांनी ७.८, ३० सेकंदांनी ८.६ आणि ५० सेकंदांनी ९ च्या अगदी जवळ. सुरुवातीला आकडे भराभर पळतात आणि पुढे रेंगाळतात, कारण कपॅसिटरचे विभवांतर बॅटरीच्या जवळ जाईल तसा प्रवाह घटत जातो. शेवटी त्यात ९ मिलिकूलॉम प्रभार आणि सुमारे ४० मिलिज्यूल ऊर्जा असते. ५.७ व्होल्टला १० ऐवजी ९ सेकंदच लागले, तर आपला कपॅसिटर प्रत्यक्षात ९०० मायक्रोफॅरडच्या आसपास आहे. या जातीच्या कपॅसिटरमध्ये छापील आकड्यापासून २० टक्क्यांपर्यंतचा फरक नेहमीचाच असतो.