गाड्यांची चित्रं काढायची आहेत? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘मला गाड्या काढायला फार आवडतात, पुढे काय करू?’ असं विचारणारी मुलं बहुतेक दहावी-बारावीतली असतात. त्यांच्या एका प्रश्नात दोन वेगळी कामं मिसळलेली असतात, म्हणून आधी ती वेगळी करतो.

जी गाडी अजून जगात आलेलीच नाही ती कागदावर आणतो तो डिझायनर. त्याला सीटच्या उंचीपासून प्रत्येक गोष्टीत माणसाचा, कायद्याचा, पत्र्याचा आणि खर्चाचा विचार करावा लागतो. आणि जी गाडी रस्त्यावर आहे किंवा एके काळी होती, तिचं चित्र करतो तो चित्रकार. मी दुसरं काम करतो. डिझायनर व्हायचं असेल तर रस्ता बराचसा आखलेला आहे: लोणी काळभोरचं एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, पदवीनंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा गांधीनगरचा अभ्यासक्रम किंवा आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग, आयडीसी. पिंपरी, आकुर्डी, चाकण हे गाड्यांच्या कारखान्यांचे पट्टे घराजवळ असल्यामुळे पुण्याच्या मुलांना या कामाचा वास लहानपणापासून असतो, हा मोठा फायदा.

चित्रकाराचा रस्ता मात्र असा आखलेला नाही. ‘गाड्यांची चित्रकला’ नावाची पदवी इथे मिळत नाही. अभिनव कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी उपयोजित कला किंवा रेखा व रंगकला शिकायची आणि विषय स्वतःचा धरून ठेवायचा. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा मनापासून द्या. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात ज्यानं पितळी तांब्या नीट पाहून रंगवला, त्याला बंपरचं क्रोम परकं वाटत नाही. दोन्हीकडे काम एकच: वस्तूचा स्वतःचा रंग बाजूला ठेवून तिच्यात काय दिसतंय ते रंगवणं.

हेच या कामाचं मर्म आहे, असं मला ठामपणे वाटतं. सकाळी जंगली महाराज रस्त्यावर झाडाखाली लावलेली, नुकतीच पुसलेली काळी गाडी शोधा आणि शांतपणे बघा. बॉनेटवर आभाळ आणि फांद्या असतात. दाराच्या वरच्या भागात समोरची इमारत असते. खाली, जिथे पत्रा आत वळतो तिथे रस्ता दिसतो, आणि रस्ता उन्हात असेल तर तो भाग चक्क उजळ असतो. खरा काळा रंग चाकांच्या कमानीत आणि गाडीच्या पोटाखाली, एवढाच. वर तोंड करून असलेला पत्रा आभाळ दाखवतो, खाली तोंड करून असलेला जमीन दाखवतो. एवढा नियम हाताशी असला की कुठलीही गाडी रंगवता येते. क्रोममध्ये हेच सगळं दाबून बसवलेलं असतं: वर फिकट निळं, मध्ये क्षितिजाची गडद पट्टी, खाली जमिनीचा तपकिरी. नवे लोक क्रोमसाठी करड्या रंगाची ट्यूब उघडतात आणि ते पत्र्याच्या डब्यासारखं दिसतं. त्या ट्यूबला हात लावू नका.

दुसरी गोष्ट चाकांची. निम्मी चित्रं इथेच पडतात. तिरकस कोनातून चाक लंबवर्तुळ दिसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते लंबवर्तुळ सरळ उभं काढलं जातं. खरं म्हणजे त्याचा छोटा अक्ष, म्हणजे अरुंद बाजूची मधली रेघ, गाडीच्या ॲक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) रेषेत पडला पाहिजे. तुम्ही गाडीकडे वरून, कोपऱ्यातून बघत असाल तर ॲक्सलची रेषा तिरकी जाते, म्हणून लंबवर्तुळही थोडं कलतं. आधी ॲक्सलची रेघ मारा, मग तिच्यावर चाक बसवा. चाक बसलं की गाडी जमिनीवर उभी राहते. ते बसलं नसेल तर वर कितीही चकचकीत रंगवा, गाडी तरंगते.

मोजायचं असेल तर चाकानंच मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणखी किती चाकं मावतात ते पाहायचं. साध्या मोटारीत साधारण तीन मावतात. फोटो काढताना गाडीला चिकटून उभे राहू नका. मोबाइलची रुंद लेन्स जवळचा दिवा फुगवते आणि मागचा भाग आक्रसते, आणि ती चूक जशीच्या तशी चित्रात उतरते. चांगलं दूर जा आणि झूम करा.

जुन्या लोकांची कामं जरूर बघा. ब्रिटनच्या ‘ऑटोकार’ या मोटारींच्या नियतकालिकासाठी काम करणारे एफ. गॉर्डन क्रॉस्बी, मोनॅकोच्या शर्यतींची पोस्टरं करणारे फ्रान्सचे जिओ हॅम, सुरुवातीच्या शर्यतींची धूळ रंगवणारे अमेरिकेचे पीटर हेल्क. १९८३ मध्ये अमेरिकेत ऑटोमोटिव्ह फाइन आर्ट्स सोसायटी स्थापन झाली, आणि या विषयाला वाहिलेल्या चित्रकारांना स्वतःचं व्यासपीठ मिळालं. पण मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन यांची जोडी. १९५९ ते १९७१ या काळात त्यांनी पॉन्टिॲक या अमेरिकन मोटारींच्या जाहिराती केल्या. फिट्झपॅट्रिक गाडी रंगवायचे, कॉफमन माणसं आणि पार्श्वभूमी. गाडी ऐसपैस वाटावी म्हणून तिची रुंदी मुद्दाम ताणलेली असायची. जाहिरातीत ते शोभतं.

आपल्याकडे येणाऱ्या कामात मात्र ते चालत नाही. पुण्यात गिऱ्हाईक येतं ते वडिलांच्या चेतकचा किंवा आजोबांच्या फियाटचा पिवळा पडलेला फोटो घेऊन. कुणाच्या घरची पहिली गाडी आकुर्डीत बनलेली मॅटाडोर असते. त्या माणसानं ती गाडी रोज पुसलेली असते, त्यामुळे इंचभर फरक त्याला लगेच कळतो. फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मूळ फियाट ११००वर बेतलेली. तिची पुढची जाळी वर्षांगणिक बदलत गेली, म्हणून साल विचारल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. डाव्या दाराचा पोचा काढायचा की ठेवायचा, हेही विचारा. बहुतेक लोक ‘ठेवा’ म्हणतात. संगणकानं घडवलेल्या चित्रांना लोक भुलतात खरे, पण स्वतःच्या गाडीची जाळी चुकलेली दिसली की परत येतात.

सामानाला अप्पा बळवंत चौक पुरे. सुरुवातीला करड्या रंगाचा कागद, काळी पेन्सिल आणि पांढरा पोस्टर कलर एवढंच घ्या. कागद मधली छटा देतो, तुम्ही फक्त गडद आणि उजेड द्यायचा. महागडे मार्कर नंतर.

नुसत्या या कामावर घर चालायला वेळ लागतो. तोवर जाहिरातीचं, पुस्तकांच्या चित्रांचं काम सोबत ठेवा, मीही ठेवतो. निम्मे पैसे आधी घ्या, आणि आकार, संदर्भाचा फोटो आणि किती वेळा बदल करून देणार हे लिहून ठेवा. इंटरनेटवरचा कुणाचाही फोटो उचलून त्यावरून चित्र विकू नका, तो फोटोग्राफरचा असतो. आणखी एक गोष्ट कॉलेजात फारसं कुणी सांगत नाही: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे त्याच चेतकच्या प्रिंट काढून बालगंधर्व कलादालनातल्या प्रदर्शनात विकायच्या असतील, तर हक्क तुमच्याकडे राहील असं काम सुरू होण्याआधीच एका ओळीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.